गुणाबाईंच्या रायफलीचा सरकता नेम

मित्रांनो, दुरूनच ऐका, मला हात लावू नका. मी आंबागडच्या गुणाबाईंची जुनी रायफल आहे. थकले आहे, पण अजून बावळट झालेली नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी नळी आरशासारखी होती. गुणाबाईंचे यजमान सेवकराम यांनी मला घरी आणलं, ते मिरवायला नव्हे. त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, जंगलाला लागून, आणि रानडुकरं उभं पीक लोळवून जायची. ते वारले. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्या सुमारास माझा परवाना गुणाबाईंच्या नावावर चढला. आसपासच्या गावांत बाईच्या नावाची बंदूक मी एकटीच. त्यांचा तोरा मलाही चढला. निवडणूक आली की मात्र मला ठाण्यात जमा करत. तिथं महिनोन्‌महिने भिंतीला टेकून उभं राहणं काय असतं, ते मला विचारा.

पुढे गुणाबाईंनी माझ्या पाठीवर दुर्बीण बसवून घेतली आणि माझे हाल सुरू झाले. शेतातली बोडी, म्हणजे लहान तळं, सुकली की तिच्या पाळीवर कागद लावून नेम जुळवायचा. चार गोळ्या नीट जायच्या, पाचवी वीतभर डावीकडे. काडतुसं बदलली. नेमाची चकरी फिरवून फिरवून दुर्बिणीला घेरी आणली. तुमसरच्या मिस्त्रीने स्क्रू आवळले. काही दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच.

एका कार्तिकात, परवानगी काढून डुकरावर झाडलेली गोळी घरच्याच गाईच्या शिंगाजवळून गेली. धाकटे दीर बुधराम चारचौघांत म्हणाले, "वयनी, दुर्बिनीले कायले दोस देता? नजर तुमची गेली. बंदूक जमा करून टाका."

"तुह्या मिशीतलं शित दिसून राहिलं मले इथून. पुस आधी," गुणाबाई म्हणाल्या. पण घरी येऊन मला धरून बसल्या. "उद्याच्याले पाहू. नाही जमलं तं ठान्यात देऊन येऊ," असं त्या सुनेला म्हणाल्या. दिलं असतं, तर या वेळी मी परत येणार नव्हते.

सकाळी बोडीवर सून ज्योत्स्ना सोबत आली. ती गावाचे कपडे शिवते. तिने मला उलटसुलट पाहिलं.

"आत्याबाई, दुर्बिनीखालची पट्टी सरकली. हे चकचकीत रेघ पाहा. आन् याच्यात तेल कोनं घातलं?"

"मी. दर दसऱ्याले, पूजेच्या वक्ती. कोरडी ठेवू का तिले?"

"नळीले लावा ना! माह्या मशीनीत सुईच्या स्क्रूले तेल लागलं का सुई निसटते. हे तं दर गोळीले हादरते."

मित्रांनो, इतकी वर्षं मी हेच सांगत होते. पण मला तोंड एकच, आणि त्यातून फक्त गोळी निघते.

ज्योत्स्नाने स्क्रू काढले, रॉकेलने धुतले, कोरडे पुसून घट्ट बसवले. गुणाबाई पोत्यावर पालथ्या झाल्या. चार गोळ्या. मग पाचवी. मग सहावी. सगळी भोकं एका वाटीत मावतील एवढ्यात. मला वाटलं, आता बुधरामांचं काही खरं नाही. पण गुणाबाई घरी गेल्या आणि आधी गाईच्या शिंगावरून हात फिरवला.

मित्रांनो, तुमच्या घरी जे जुनं आहे त्याला जीव लावा. फक्त त्याला काय मानवतं, ते आधी नीट पाहा. आम्हाला ओरडता येत नाही.

पुढच्या दसऱ्याला गुणाबाई तेलाची वाटी घेऊन बसल्या. नळी पुसली, घोडा पुसला. बोट दुर्बिणीपाशी आलं आणि थांबलं. मग त्यांनी ते पदराला कोरडं पुसलं, आणि तिथं नुसतं कुंकू लावलं.