जैबुनबीची विरळ वीण

१९६२च्या नोव्हेंबरात चीनशी लढाई चालू असताना सरकारनं पुसदच्या विणकर सोसायटीला लष्करी दवाखान्यांसाठी जखमेवर बांधायच्या पट्ट्यांच्या कापडाची ऑर्डर दिली. सोसायटीचे हातमाग अकरा, त्यातले सात सुताअभावी उन्हाळ्यापासून बंद. ही ऑर्डर टिकली तरच सरकारी सूत मिळणार होतं. म्हणून कापडाचं पहिलं ठाण म्होरके वाहिदमिया यांनी स्वतः विणलं. त्यांच्या कापडातून पाणी झिरपत नाही असं गाव म्हणे. वाहिदमिया तर हे रोजच म्हणत.

तपासनीस घनश्यामबाबूंनी कापडावर भिंग ठेवलं, आडवे धागे मोजले आणि ठाण बाजूला सारलं.

"नापास. फार घट्ट आहे. जखमेला हवा कशी लागणार?"

असं वाहिदमियांना जन्मात कोणी बोललं नव्हतं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. घनश्यामबाबूंनी तेच जरा मोठ्यानं सांगितलं. आठवड्यानं दुसरं ठाणही तसंच गेलं. वाहिदमियांनी हात आवरला नव्हता असं नाही. चार धागे हलके बसत, पाचव्याला धागा ठोकणारी फणी सवयीनं दणका देई.

"आता ऑर्डर दुसऱ्या गावाला द्यावी लागेल," घनश्यामबाबू म्हणाले आणि पिशवी आवरू लागले.

सोसायटीचा कारभार वाहिदमियांच्या ओसरीवर चाले. दाराशी त्यांची बायको जैबुनबी पाहुण्यासाठी चहा गाळत होती. आतल्या खोलीत तिचाही एक माग होता, पण तिची वीण इतकी विरळ की वाहिदमियांनी ते कापड सोसायटीत कधी येऊ दिलं नाही. "फडकं" म्हणत. बाजारात बायका ते चहा गाळायला नेत.

तिच्या फडक्यातून चहा झरझर उतरताना घनश्यामबाबूंनी पाहिलं. उठून त्यांनी ते ओलं फडकं मागून घेतलं, चहापत्ती झटकली आणि त्यावर भिंग ठेवलं.

"हे कोणी विणलं?"

बाजारातून आणलं, असं वाहिदमियांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ओट्यावर बसलेले दहा विणकर त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी खाली मान घातली.

"घरचंच हाय, सायेब. आमच्या बायकोनं इनलं."

"मग आधी का नाही दाखवलं? अगदी असंच हवं." घनश्यामबाबूंनी फडक्याचा एक तुकडा कापून घेतला आणि नमुना म्हणून लाखेचा शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी वाहिदमियांनी आपला माग तिच्या मागाशेजारी आणून मांडला.

"हात असा हलका कसा ठेवतं तू? मले शिकव."

"त्यात काय शिकवाचं? आपला नासिर झाला त्या साली तुमाले दमा धरला होता. तुमी भिंतीपलीकडं निजून राहत. जोरात ठोकलं तं तुमचा श्वास आयकू ये नाही. म्हून हळू ठोकत गेली. मंग सवयच पडली."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी कधी इचारलं?"

वाहिदमियांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्यांनी तिला हातानं आळशी म्हटलं होतं, तेही चार लोकांत. ते मागावर बसले आणि फणी अलगद ओढली. मग पुन्हा, तितकीच अलगद. खोलीत एवढी शांतता त्यांनी कामाच्या वेळी कधी अनुभवली नव्हती. त्या शांततेत शेजारून जैबुनबीचा श्वास ऐकू येत होता. तिला दम लागत होता. कधीपासून, ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी फणी थांबवली आणि विचारलं.