पंचविसावी टोपी

शिंप्याने पंचविसावी टोपी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. ती ज्याच्यासाठी शिवली होती तो बेकरीवाला पहाटेपासून तापाने फणफणला होता.

"आता गं?" त्याने बायकोला विचारलं.

"मला काय विचारता?" पोहण्याच्या तलावाच्या कडेला खुर्चीत बसलेली बायको म्हणाली. "डॉक्टर मला प्यायचं पाणीसुद्धा मोजून देतात."

हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच तर होता. आठवड्यातून तीनदा दोन तास बसने जायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला जखडून घ्यायचं, पुन्हा दोन तास बसने यायचं. परतताना ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. हल्ली तिला स्टॉपवर जागं करायला वेळ लागत होता, आणि त्या वेळात तो तिचा श्वास बघत राहायचा.

एका कारखानदाराने गावच्या दवाखान्याला मशीन द्यायचं कबूल केलं होतं. अट अशी की वेगवेगळ्या पंचवीस जणांनी पोहून एकेक फेरी पूर्ण करायची, आणि पंच म्हणून शिंप्याची थोरली बहीणच हवी. गणिताच्या या निवृत्त बाईंनी अर्ध्या गावाला रडवलं होतं. सख्ख्या भावाला सातवीत एका मार्काने नापास केलं होतं. त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेणं शक्यच नव्हतं.

शिंप्याने महिनाभर गाव पालथं घालून पोहणारे जमवले होते आणि प्रत्येकाला पोहताना घालायला एकेक टोपी शिवली होती. सव्विसावा काही मिळाला नव्हता.

सकाळपासून ताईंनी कुणाचीही गय केली नव्हती. तळाला पाय टेकला म्हणून न्हाव्याची फेरी बाद केली आणि त्याला पुन्हा पाण्यात ढकललं. न्हावी आता टॉवेल गुंडाळून धापा टाकत बसला होता.

"चोवीस झाले," ताईंनी पुकारलं. "पुढचा कोण?"

कारखान्याचा मॅनेजर घड्याळाकडे बघू लागला.

शिंप्याने टोपी स्वतःच्या डोक्यात घातली. बेकरीवाल्याच्या मापाची ती टोपी थेट भुवयांपर्यंत उतरली.

"अहो, तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"महिनाभर बघतोय की सगळ्यांना."

पाणी छातीएवढंच होतं, पण त्यात उतरताना त्याचे दात वाजायला लागले. शिटी झाली. त्याने जोरात हात मारले, दोन गटांगळ्या खाल्ल्या, आणि पाय तळाला टेकले. टेकले ते पुन्हा उचलेनात. वर हात झोकात पाणी कापत होते आणि खाली पाय बाजाराला निघाल्यासारखे चालत होते. पाणी चांगलं नितळ होतं. न्हाव्याने टॉवेल तोंडात कोंबला.

निम्म्या वाटेवर शिंप्याने टोपी वर सारून पाहिलं. ताई त्याच्याकडेच बघत होत्या, निकालाच्या दिवशी बघितलं होतं तशाच. मग त्यांनी खुर्चीतल्या भावजयीकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून पुढे झुकली होती.

ताईंनी चष्मा काढला. रुमालाने एक काच पुसली, दुसरी पुसली, मग पहिलीकडे पुन्हा वळल्या. पलीकडच्या भिंतीपाशी टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा कुठे त्यांनी तो चढवला.

"पंचवीस."

"बाई," मॅनेजर चाचरला, "त्यांचे पाय..."

"मला नाही दिसले. तुला दिसले?"

मॅनेजरही त्यांच्याच वर्गात शिकलेला होता.

"नाही, बाई," म्हणून त्याने मुकाट्याने सही केली.

शिंपी निथळत बायकोपाशी आला. तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

"वन्सं," ती म्हणाली, "चष्म्यावर पाणी उडालं होतं का हो?"

"नाही," ताई म्हणाल्या. गळ्यातली शिटी काढून त्यांनी भावाच्या ओल्या हातात ठेवली. "पुढच्या वेळी पंच दुसरा बघ. आणि तू उद्या सकाळी सहाला इथे ये. तुझी एक फेरी बाकी आहे."