कोपऱ्यातला म्हातारा तारा

मित्रांनो, मला खिडकीची काच समजू नका. तो अपमान बऱ्याचदा झाला आहे. मी वेधशाळेतली जुनी काच आहे. माझ्या एका अंगाला फोटोचा लेप आहे. दुर्बिणीत बसवून मला आकाश दाखवलं, तेव्हा आपल्या आकाशगंगेतले दोन हजार तारे माझ्यावर उतरले. दुर्बिणीपुढे प्रकाश फाकवणारा लोलक होता, म्हणून ठिपक्याऐवजी प्रत्येकाची एक काळी पट्टी उमटली.

तिथून मी मोजणीच्या खोलीत आले. एक बाई भिंगाला डोळा लावून तासन्‌तास पट्ट्या बघत. पट्टीत बारीक रेषा पुष्कळ असल्या, तर तारा नंतरच्या पिढीतला. त्याच्यात आधी मेलेल्या ताऱ्यांची राख मिसळलेली असते. रेषा जवळजवळ नसल्याच, तर तारा फार म्हातारा. तो जन्मला तेव्हा राखच नव्हती. अशा म्हाताऱ्यांभोवती बाई माझ्या कोऱ्या पाठीवर शाईने गोल काढत.

माझ्या कोपऱ्यातली एक पट्टी अगदी स्वच्छ निघाली. गोल काढून बाई त्या दिवशी जेवायलाही विसरल्या. बाईंचं काम तपासणाऱ्या साहेबांनी मात्र उभ्या उभ्या नजर टाकली.

"बाई, कोपऱ्यात चित्र पुसट येतं. मग रेषा दिसणार कुठून?" असं म्हणत त्यांनी जाड लाल शाईची काट मारली.

"पण साहेब, शेजारच्या ताऱ्याच्या रेषा बघा ना..."

शेजारचा तारा तोवर काटेखाली गेला होता. त्या कोपऱ्यात तेवढाच एक साक्षीदार होता. आणि आमच्या खोलीचा नियम असा, की साहेबांची खूण कोणी पुसायची नाही. बाईंच्या यादीतून तो तारा गेला. मला फार वाईट वाटलं, पण काचेला कोण विचारतो?

पुढे मी तीस वर्षं कपाटात धूळ खात पडले. परवा आम्हा सगळ्या काचांची नक्कल यंत्रात घ्यायची ठरली. त्यासाठी पाठीवरची शाई पुसायची होती. ते काम आता वेधशाळेतच नोकरीला असलेल्या बाईंच्या भाचीकडे आलं. तिने बाईंना बोलावून घेतलं. बाई काठी टेकत आल्या.

"मावशी, सगळं पुसायला सांगितलंय. तुझा गोलही जाईल गं."

बाईंनी त्या गोलावरून एकदा बोट फिरवलं. "जाऊ दे. तारा कुठे जातोय? पूस."

ओला कापूस फिरला. गोल गेला, लाल काटही गेली. भाचीने भिंगाला डोळा लावला.

"मावशी, शेजारच्याच्या रेषा किती स्वच्छ आहेत. सतरा मोजल्या मी."

"म्हणजे चित्र पुसट नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

भाचीने नवीन यादी उघडली. "म्हातारा तारा, असं लिहिते. ओळखला कोणी? तुझं नाव घालू ना?"

"घाल. पण आधी काचेचा नंबर लिही. इतकी वर्षं तिनेच सांभाळलाय त्याला."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढंच सांगणार होते. आता आणखी एक सांगते. कोणाच्या कामावर काट मारायचीच असेल, तर खुशाल मारा. फक्त पेन बारीक घ्या.