चव्वेचाळीस नंबर

"आईचं खरं काय ते मला कळवायचं. आबा काय बी म्हणू देत, तू लपवायचं न्हाय."

बारामतीच्या स्टँडावर, गाडी सुटता सुटता बिरूनं बायकोला हे बजावलं होतं आणि सारजानं मान हलवली होती. त्याला चौदा महिने झाले. बिरू कोरियात एका कारखान्यात शिकाऊ कामगार म्हणून गेला, आणि इकडे कळसला त्याची आई गोजरबाई पोटाच्या दुखण्यानं वाळत गेली. डॉक्टरनं दिवाळीपर्यंतचीच आशा दिली होती. पण सासरे, आबासाहेब, सारजाचं प्रत्येक पत्र वाचून मगच पाकीट चिकटवायचे.

"दोन वर्सांचा करार हाय. मधीच आला तर कंपनी परत घील का त्याला? 'आई बरी हाय' एवढंच लिव."

तिची दोन पत्रं त्यांनी चुलीत घातली होती.

अशात बिरूचं पत्र आलं. गावाकडं येणाऱ्या साथीदाराबरोबर त्याला आईसाठी थंडीचा कोट आणि बूट पाठवायचे होते. मापांचा कागद वेगळा जोडलेला. आबासाहेबांनी तो न वाचताच सुनेकडं सरकवला. "हे बायकांचं कापडाचं तू बघ."

बिरूनं लिहिलं होतं, 'हितले नंबर म्हंजी इंच न्हवंत, नुसती नावं. छाती बत्तीस इंच आसली तर चव्वेचाळीस नंबर, सदतीस-आडतीस आसली तर अठ्ठ्याऐंशी. बूट मातर पावलाच्या लांबीवर, मिलिमीटरात. आईला अठ्ठ्याऐंशीच लागंल, तरी मापून कळव.'

सारजा गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. तिनं टेप काढला. गोजरबाईनं लहान पोरीसारखे हात वर केले.

"पोर गेलं तवा आडतीस हुते मी. आता टेप दोनदा फिरतुय का गं?"

"गप ऱ्हावा आत्या, हलू नगा."

बत्तीस. तिनं पुन्हा मोजलं. बत्तीसच. मग कागदावर पाऊल ठेवून रेघा मारल्या. दोनशे तीस. पाऊल तेवढं जसंच्या तसं राहिलं होतं.

"बिरूला माझं कळवलंयस न्हवं?" म्हातारीनं हळूच विचारलं.

सारजा टेप गुंडाळत राहिली.

संध्याकाळी तिनं पत्र आबासाहेबांपुढं ठेवलं. आई बरी हाय. कोट चव्वेचाळीस नंबर, बूट दोनशे तीस. आबासाहेबांनी चष्मा सारखा केला, आकड्यावर बोट ठेवलं आणि हसले.

"शानी हायस. आडतीसाचं थेट चव्वेचाळीस इंच केलंस! पोराला वाटंल, आई चांगली भरली." मग खाटेकडं वळून म्हणाले, "ऐकलंस का गं? चव्वेचाळीस!"

"तुमी म्हंताय म्हंजी भरलेच आसंन," गोजरबाई म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

सुनेवर आबासाहेबांनी चौदा महिन्यांत कधी विश्वास ठेवला नव्हता. आज ठेवला, तो तिनं खोटं लिहिलं असं समजून. पाकीट त्यांनी स्वतःच्या थुंकीनं चिकटवलं.

तिकडं बिरू कागद बघेल, अठ्ठ्याऐंशीचं निम्मं बघेल. समजलं तर येईल. आणि आला तर आईचं तोंड दिसेल का, ते तिच्या हातात नव्हतं.

परदेशी टपालाचं तिकीट इंदापुरातच मिळायचं. सकाळी देवापुढं दिवा लावून, सासूच्या पायांवर गोधडी ओढून, सारजानं पाकीट पदराआड धरलं आणि कुणाला हाक न देता ती एसटीच्या थांब्याकडं चालू लागली.