वस्तादांनी अंगठा वळवला

मित्रांनो, मी घाटनांदूरच्या तालमीतला एक जुना नाल आहे. नाल म्हणजे गोल, जड दगड. पैलवानाला एका हातानं उचलता यावा म्हणून मधे कोरून मूठ ठेवलेली. निजामाच्या राज्यात सटवा पाथरवटानं मला काळ्या खडकातून घडवलं. माझी मूठ कुणाला काचू नये म्हणून त्यानं ती आठ दिवस घासली होती.

तालमीचे वस्ताद भगवानराव मला रोज स्वतः पुसत. त्यांचा एक कडक नियम होता. नाल चार बोटांवर उचलायचा, अंगठा मुठीभोवती वळवायचा नाही. अंगठा वळवणारा हात त्यांना कच्चा वाटे. त्यांच्या वस्तादांनी त्यांना तेच शिकवलं होतं.

त्रिंबक हा त्यांचा लाडका पठ्ठा. हनुमान जयंतीच्या जत्रेत त्यानं मला डोक्यावर नेलं आणि गावानं वाहवा केली. तेवढ्यात त्याचं मनगट मागं मुडपलं. अंगठा मोकळाच होता. मी निसटलो आणि त्याच्या कपाळाला घासून मातीत पडलो. जीव वाचला, पण मनगट गेलं. त्याला पाण्याचा तांब्याही धरवेना.

दगडच अपशकुनी आहे, असं लोक म्हणाले. मला बाहेर बाभळीखाली लोटलं. पावसाळाभर मी तिथंच शेवाळत पडलो.

रिकामा त्रिंबक सटवाच्या खाणीवर जाऊन बसू लागला. सटवा दिवसभर घण मारी, तरी त्याचा हात दुखत नसे. त्रिंबकनं निरखून पाहिलं. अंगठा बोटांवर घट्ट, आणि मुठीपासून कोपरापर्यंत हात सरळ एका रेषेत.

हात बरा झाल्यावर, दिवाळीनंतर, त्यानं मला तालमीत आणलं. सगळ्यांदेखत अंगठा वळवला, मनगट ताठ धरलं आणि मला सावकाश वर नेलं. मला खाली ठेवून तो मान खाली घालून उभा राहिला.

"वस्ताद, तुमचा शब्द मोडायचा न्हवता. पर हात असाच वाचतो."

भगवानराव पुढं आले. त्यांनी माझी मूठ धरली, अंगठा वळवला आणि थकल्या हातानं मला जेमतेम गुडघ्यापर्यंत उचललं.

"चूक तुझ्या हाताची न्हवती," ते म्हणाले. "शिकवणाऱ्याची व्हती. उद्यापासून पोरायला तूच शिकव."

मित्रांनो, बळ कमवा, पण ते ज्या मनगटावर तोलायचं त्याला आधी जपा. दुखलं तर लपवू नका. पुढं अनेकांनी मला डोक्यावर नेलं. पण वस्तादांच्या हातात गुडघ्यापर्यंत गेलो, तेवढा उंच मी पुन्हा कधी गेलो नाही.