पेट्रोल जास्त, हवा कमी

“गो सँड्रीना, ह्या चेडू गाडयेत बसला रे बसला की झोपता. माका ह्या बरा दिसणा नाय,” शेजारच्या शर्मिलाकाकी खिडकीत वाकून म्हणाल्या होत्या.

“काकी, गाडयेत सगळीच पोरां झोपतत,” सँड्रीना हसली. “झोपता ता बरा. नायतर बांद्याक पोचासर माझो जीव खाता.” आणि तिने काच वर केली.

मित्रांनो, हे बोलणं मी डॅशबोर्डच्या खालून ऐकलं. मी या गाडीच्या इंजिनाचा संगणक. जेवणाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी, आत बारीक तारा आणि चिप्स, एवढाच माझा संसार. गाडी जुनी आहे, तसा मीही जुना आहे.

इंजिनात किती हवा आली ते पाहायचं आणि त्या मापाने पेट्रोल सोडायचं, हे माझं काम. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन धापा टाकतं. जास्त झालं तर ते पुरतं जळत नाही आणि धुरात एक विषारी वायू वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून मला बनवणाऱ्यांनी मला संशयी केलं. धुराच्या नळीत माझं एक नाक आहे. ते सतत धूर हुंगून मला सांगतं, आणि मी माझंच माप पुन्हा पुन्हा तपासतो. काही बिनसलं तर चालवणाऱ्यासमोर पिवळा दिवा लावतो. स्वतःवरही विश्वास ठेवायचा नाही, हे मी कारखान्यातच शिकलो.

पहिली वर्षं कोल्हापुरात गेली. “हिचं इंजिन कसं शांत चालतं,” असं लोक म्हणत. मला कोणी पाहत नसे, पण ते कौतुक माझंही होतं. मग सँड्रीनाच्या नवऱ्याने, रॉकीने, ही गाडी घेतली आणि मी मालवणजवळ समुद्रकाठच्या तोंडवलीला आलो. खाऱ्या वाऱ्याने गाडीखालची धुराची नळी गंजली. मासळीच्या टोपल्या चढवता-उतरवताना डिकीचं रबर फाटलं. कोणी खाली वाकून पाहिलं नाही. गाडी चढावर दमू लागली, तसा मी पिवळा दिवा लावला.

रॉकी पर्यटकांना बोटीने डॉल्फिन दाखवायला नेतो. बोटीच्या इंजिनावर त्याचा हात बसलेला. एका दुपारी तो लॅपटॉप आणि वायर घेऊन माझ्याशी बोलायला बसला. बाजूला त्याचा मित्र विनीत होता, तो पर्यटकांची टॅक्सी चालवतो.

“इंजिनाक उपाशी ठेवचा नाय,” रॉकी म्हणाला. “खाडीच्या तोंडार लाटेत इंजिन बंद पडला तर बोट खंय जातली? म्हणान पेट्रोल जरा जास्तच सोडूचा.”

“मगे उद्यापासून डॉल्फिन दाखवक हीच गाडी ने,” विनीत म्हणाला.

“हस तू. चढ चढताना बघशीत.”

त्याने माझ्या मापांत पेट्रोल वाढवलं. नाक काय सांगतं ते ऐकायचं नाही, असं मला बजावलं. पिवळा दिवाही बंद करून टाकला. “तो उगाच भिववता,” म्हणाला.

बोटीवर ते चालून जात असेल. तिथे छप्पर नाही, धूर वारा नेतो. पण गाडीला काचा असतात, मित्रांनो. गाडी चढावर खरंच जोमाने पळाली. विनीत खूश झाला. “माझ्या गाडयेक पण असाच कर,” म्हणाला, आणि रॉकीने त्याच दुपारी केलं.

सँड्रीनाचं माहेर बांद्याला. दर रविवारी सगळे तिकडे जात. एसी लावून, काचा बंद करून. मागच्या सीटवर दीड वर्षांची मेलिशा. ती मालवण यायच्या आत मान टाकी, आणि बांद्याला उतरली की ओकत असे. सुरुवातीला हसण्यावारी नेणारी सँड्रीना आता आरशातून सारखी मागे पाहू लागली. तिला संशय आला, पण माझ्यासारखं नाक तिला नव्हतं; नेमकं काय हुंगावं हे तिला उमगेना. दूध नासलं होतं का? कोणाची नजर? मग तिचं लक्ष पाण्याच्या बाटलीवर गेलं. ती बाटली सासूबाई, आग्नेस, भरून देत. आणि आग्नेसकडे पोरांच्या खोकल्यावर कसला तरी काढा असे.

पुढच्या रविवारी निघण्याआधी तिने बाटली हुंगली आणि अंगणात ओतली. आग्नेस दारातून पाहत होत्या.

“पाणी कित्याक वतलंस गो?”

“मम्मी, खरा सांगा. चेडू झोपूचा म्हणान बाटलेत काय घालतात?”

आग्नेसनी बाटली उचलली, नळावर पुन्हा भरली आणि गाडीचं मागचं दार उघडलं. “आज मी मागे बसतंय. बघ तूच.”

त्या मेलिशाला मांडीवर घेऊन बसल्या. मी पेट्रोल सोडत राहिलो, सांगितलेल्या, चुकीच्या मापाने. नाक ओरडत होतं. ऐकायची मला बंदी होती.

कुडाळच्या अलीकडे आग्नेसचा आवाज जड झाला. “रॉकी, गाडी थांबय. माझा डोक्या गरगरता.”

सँड्रीना वळली. मेलिशाचा हात लोंबत होता. हाक मारली तरी डोळे उघडेनात.

चारही दारं एकदम उघडली. मग मी फक्त पळती पावलं ऐकली, आणि कोणाची तरी रिक्षा.

दुसऱ्या दिवशी सगळे कुडाळच्या गॅरेजात गाडीतलं सामान न्यायला आले तेव्हा मला उरलेलं कळलं. डॉक्टरांनी दोघींना ऑक्सिजन लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. काचा बंद होत्या का, धूर आत येतो का? गॅरेजवाल्याने गाडी वर उचलली. मागच्या सीटखालीच नळीला भोक होतं, आणि विषारी धूर डिकीच्या फाटक्या रबरातून आत येत होता. मेलिशा रॉकीच्या कडेवर होती, त्याचा कान ओढत होती. तो ओढू देत होता.

“बाटलेत पाणीच होता गो,” आग्नेस हळूच म्हणाल्या.

सँड्रीनाने मागच्या सीटवर पडलेली ती बाटली उघडली आणि उरलेलं पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं.

नळी बदलली, रबर बदललं. माझी मूळ मापं मला परत मिळाली, नाकही मिळालं. मी पुन्हा संशयी झालो आहे, आणि त्यातच सगळ्यांचं भलं आहे.

पण माझा जीव अजून स्वस्थ नाही. तुझीही मापं परत मूळची करून घे, हे सांगायला रॉकीने गाडीत बसून विनीतला फोन केला तेव्हा मी ऐकत होतो.

“सीझन सरांदे रे,” विनीत म्हणाला. “आता गाडी उभी केली तर गिऱ्हाइक दुसऱ्याकडे जातला. आणि माझी गाडी बरी धावता.”

“धावता म्हणानच सांगतंय, विन्या.”

“बघूया,” म्हणून त्याने फोन ठेवला. सँड्रीनाने नंतर दोनदा लावला, तर त्याने हसण्यावारी नेलं. तो एका जागी सापडत नाही. आज तोंडवलीला, उद्या वालावलला देवळापाशी. पर्यटक फिरून येईपर्यंत तो काचा वर करतो, एसी चालू ठेवतो आणि सीट मागे पाडून झोपतो. त्याच्या गाडीखालची नळीही कोणी वाकून पाहिलेली नाही.

मित्रांनो, मला या पेटीतून बाहेर येता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. कुठे झाडाखाली उभी गाडी दिसली, इंजिन चालू, काचा बंद आणि आत झोपलेला माणूस, तर पुढे जाऊ नका. तो विनीत असेल किंवा दुसरा कोणी. काच वाजवा. उठला नाही तर दार उघडा, माणसं बोलवा. आणि तो उठून तुमच्यावर चिडला, तर चिडू दे. चिडला म्हणजे जागा आहे.