सात सुरूंचं वन

मुलगा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात कुंभाराने ते पसरट ताट पोचतं केलं. दोन हात लांब, चार बोटं खोल. मुलाने स्वतः मापं देऊन ते करवून घेतलं होतं. दारात ते घ्यायला बाप उभा राहिला. लेथ मशीनवर छत्तीस वर्षं काढलेला माणूस, पण पोच म्हणून सही करताना त्याला स्वतःचं नाव धड लिहिता येईना.

मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. गच्चीवर त्याने बियांपासून सुरूची अकरा रोपं वाढवली होती. पाच वर्षं खपून. ती सगळी एका ताटात लावून त्याला बोन्सायचं वन करायचं होतं, वीतभर उंचीचं अख्खं रान. तेवढ्यात ताप मेंदूत गेला आणि नऊ दिवसांत सगळं आटोपलं.

बापाला या नादाचा भारी राग. "लोकांची नजर सुधारतो आणि स्वतः काडीला झाड म्हणतो," असं तो येईल त्याला सांगायचा. पण आता तोच सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन रोपांना तांब्या-तांब्या पाणी घालू लागला. महिन्याभरात चार रोपं पिवळी पडून गेली.

सून हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. एका सुट्टीच्या दिवशी ती वर आली आणि तिने कुंडीत बोट खुपसलं.

"बाबा, पार चिखल झालाय. मुळं कुजतात अशाने."

"मला वाटलं, कमी पडायला नको."

ती खाली जाऊन नवऱ्याची वही घेऊन आली. वहीत ताटाचा आराखडा होता. झाडांच्या जागी लहानमोठे गोल, आणि शेजारी तिरप्या अक्षरात सूचना: मोठं झाड आधी, पण मधोमध नको. तीन झाडं एका रेषेत नकोत. बारीक झाडं मागे, म्हणजे रान लांबवर गेल्यासारखं दिसतं.

"सात उरलीत. चालतील," ती म्हणाली. "विषम आकडा लागतो."

दोघं कामाला लागले. तळाच्या भोकांवर जाळी, त्यातून वर काढलेल्या तारा, त्यावर खरबरीत माती. तो झाड सरळ धरायचा, ती मुळं तारेने बांधायची आणि काडीने टोचून टोचून त्यांच्यात माती बसवायची. तिसरं झाड हातात असताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी एकदा पाहुण्यांसमोर नको ते बोललो होतो गं. घरात पाळणा हलत नाही, आणि हा झाडांची लेकरं खेळवतो, असं."

"माहीत आहे. मी स्वयंपाकघरातच होते."

"आणि तो?"

"तोही."

"काही म्हणाला?"

तिने तारेला पीळ दिला. "नाही. बराच वेळ चष्मा पुसत बसला होता."

त्याच्या हातातलं झाड कलंडलं. तिनेच ते सावरलं. "सरळ धरा, बाबा," एवढंच म्हणाली.

वन जगलं. दोन वर्षांत त्याला दाट पालवी आली. मग तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका भल्या माणसाने तिला मागणी घातली. त्याची बदली झाली होती, दुसऱ्या शहरात जायचं होतं. सांगताना ती दाराची कडी चाळवत राहिली. "जा पोरी," तो म्हणाला. "उभं आयुष्य माझ्या उशाशी बसून काढणार आहेस का?"

निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "दोन झाडं नेऊ?"

त्यांनी ताटातून वन उचललं, तर खाली मुळांची एकच जाड चटई झाली होती. कुठलं मूळ कुणाचं, काही कळेना. शिवाय दिवस कडक उन्हाचे. या दिवसांत मुळांना हात लावू नये, हेही वहीत होतं.

"राहू द्या, बाबा."

"त्याचं काहीतरी तुझ्याजवळ असू दे." त्याने हत्यारांच्या पेटीतून करवत काढली आणि एका दमात चटई कापली. तिला तीन दिली, आपल्याकडे चार ठेवली.

दीड महिन्याने तिचा फोन आला. "तिन्हींना पालवी फुटली, बाबा! तुमची?"

त्याची चारही वाळून काड्या झाली होती. तो खोटं बोलणार होता, पण जमलं नाही. "गेली गं."

ती म्हणाली, "मी माझी तिन्ही आणून देते."

"वेडी का काय! पुन्हा हलवू नकोस त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताट रिकामं करायला वर गेला. झाडं मेली तरी मुळांनी माती सोडली नव्हती. खुरप्याने उकरताना त्याला धाप लागली, तसा तो तिथेच खाली बसला. शेजारच्या गच्चीवर नवी भाडेकरीण कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?"

"मुलगा गेला हो माझा," तो म्हणाला, जणू आज सकाळचीच गोष्ट.

हातातला ओला टॉवेल तसाच टाकून ती कठड्याशी आली आणि त्याचं रडणं थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली.